सगळ्यात भारी रेडर कोण? वाद घालण्याआधी जरा हिशेबाचं बघू

(पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.)

गेल्या आठवड्यात बसस्थानकाजवळच्या टपरीवर दोन पोरांची चांगलीच जुंपली होती. एक प्रदीप नरवालचा, दुसरा पवन सेहरावतचा. दोघांच्या हातात मोबाईल, आणि आकडे असे फेकत होते जसे काही घरचे पैसे मोजतायत.

"एका हंगामात ३६९ गुण! मोडून दाखव म्हणावं कुणाला."

"अन् एका मॅचमध्ये ३९ कुणी काढले? ते बोल की."

बाजूच्या बाकावर एक वयस्कर गृहस्थ बसले होते. सगळी टपरी त्यांना अण्णा म्हणते. कॉलेजात असताना कबड्डी खेळलेले, गुडघा अजून त्याची साक्ष देतो. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "तुमचं सगळं खरं आहे रे बाळांनो. पण तुमची कबड्डी २०१४ ला सुरू झाली. आमच्या वेळी आपल्या कॉलेजात एक गडी होता, दम धरून आत गेला की चार जण घेऊनच यायचा..."

पोरानं सहज विचारलं, "किती पॉइंट होते अण्णा त्याचे?"

अण्णा गप्प झाले. त्यांना त्या गड्याची चाल आठवत होती, त्याचं गाव आठवत होतं, पण गुण कुठून सांगणार? पोरं हसली नाहीत, पण परत मोबाईलकडे वळली. वाद पुन्हा प्रदीप आणि पवनचा.

ही पोस्ट त्या गप्प बसण्याबद्दल आहे.

आधी पोरांचे आकडे बघू, कारण ते खोटे नाहीत. प्रो कबड्डी लीग २६ जुलै २०१४ ला सुरू झाली. २०१७ च्या पाचव्या हंगामात पाटणा पायरेट्सच्या प्रदीपने चढाईचे ३६९ गुण घेतले. त्याच हंगामात हरियाणा स्टीलर्सविरुद्ध त्याने एका सामन्यात ३४ गुण घेतले आणि एका चढाईत ८ गुण मिळवून दिले. पकडणाऱ्यांच्या हाताखालून अंग घुसवून निघायची त्याची ती 'डुबकी' बघून आपल्याकडच्या गल्लीतल्या पोरांनी ढोपरं फोडून घेतली आहेत. पुढे २०१९ मध्ये बंगळूरु बुल्सकडून खेळताना पवनने त्याच हरियाणाविरुद्ध एका सामन्यात ३९ गुण काढले.

पण हे आकडेसुद्धा नुसते शेजारी ठेवून चालत नाहीत. २०१४ च्या पहिल्या हंगामात यू मुंबाच्या अनूप कुमारने १५५ गुण घेतले. ३६९ पुढे १५५ म्हणजे किरकोळ वाटतात ना? पहिल्या हंगामात ८ संघ होते, अनूप १६ सामने खेळला. २०१७ ला १२ संघ झाले, प्रदीप २६ सामने खेळला. सामन्यामागे काढा: अनूप साधारण साडेनऊच्या वर, प्रदीप चौदाच्या वर. प्रदीप पुढे आहेच, पण दुप्पट-अडीचपट नाही. शिवाय अनूप कर्णधार होता, कधी बोनस घेऊन परत यायचं आणि कधी वेळ काढायचा हे ठरवणारा. वेळ काढण्याचे गुण कोणत्या कोष्टकात बसतात?

आता मागे जाऊ. तुम्ही-आम्ही टीव्हीवर बघतो तो खेळ आणि अण्णा खेळले तो खेळ, नाव एकच असलं तरी हिशेब वेगळा आहे.

आपल्याकडे याचं जुनं नाव हुतूतू. गावोगाव वेगळे नियम, मैदान किती लांब तेही तिथल्या तिथे ठरायचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत सातारा, पुणे, बडोदा इथल्या मंडळींनी नियम लिहून काढायला घेतले. १९२३ ला बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने अखिल भारतीय स्पर्धा भरवली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली, त्यात कबड्डी होती. १९५० ला अखिल भारतीय महासंघ झाला, १९५२ ला मद्रासला पहिली राष्ट्रीय स्पर्धा. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डी पदकाचा खेळ झाली आणि भारताने सुवर्ण आणलं. या सगळ्या प्रवासात महाराष्ट्राचा वाटा किती मोठा, ते बुवा साळवींच्या नावावरून कळतं. त्यांचा वाढदिवस, १५ जुलै, आपण कबड्डी दिन म्हणून पाळतो.

जुन्या खेळाचे तीन प्रकार होते. संजीवनीत बाद झालेला गडी परत जिवंत होतो, आजचा खेळ यातूनच आला. गामिनीत बाद झालेला बाहेर तो बाहेरच, अख्खा संघ बाद होईपर्यंत. अमरमध्ये बाद झाला तरी गडी मैदानातच, नुसता गुण मोजायचा. आता विचार करा. गामिनीतल्या चढाईपटूला एक गडी मारणं म्हणजे समोरचा संघ कायमचा अशक्त करणं. तिथे एका गुणाची किंमत आजच्या एका गुणाएवढी कशी असेल?

आणि घड्याळ. आज चढाईला ३० सेकंद. दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरीला गुण आणा नाहीतर बाहेर बसा. म्हणजे आजच्या रेडरला धोका पत्करावाच लागतो, त्यामुळे गुणही वाढतात आणि पकडीही वाढतात. जुन्या चढाईपटूचं घड्याळ त्याच्या छातीत होतं. दम टिकेल तोवर चढाई. "दम सुटला" हा पंचाचा निर्णय असायचा आणि त्यावरून गावागावात मारामाऱ्या झाल्या आहेत. वर खेळ मातीत. मॅटवर पाय चिकटतो, वळता येतं. मातीत पाय सरकतो आणि सात जण अंगावर पडल्यावर नाकातोंडात माती जाते. मग मातीतला रेडर मोठा की मॅटवरचा? मी तरी छातीठोकपणे सांगणार नाही.

इथे थोडं लांब जाऊन येऊ, थेट अमेरिकेत. कारण हाच वाद तिथे जवळजवळ शंभर वर्षं चाललाय आणि त्यांनी तो कसा चालवला हे बघण्यासारखं आहे.

अमेरिकन फुटबॉलमध्ये 'रनिंग बॅक' नावाचा गडी असतो. चेंडू काखोटीला मारायचा आणि अडवायला टपलेल्या धिप्पाड माणसांच्या भिंतीतून पळत सुटायचं. आपला चढाईपटूच समजा, फक्त परत यायची अट नाही. तिथे कॉलेजांचं फुटबॉल इतकं लोकप्रिय आहे की सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला १९३५ पासून हाइझमन करंडक देतात. तो कुणाला मिळाला यावर घराघरात भांडणं होतात.

१९८८ ला ओक्लाहोमा स्टेटच्या बॅरी सँडर्सने एका हंगामात २,६२८ यार्ड अंतर पळून कापलं. म्हणजे जवळपास २,४०० मीटर, आणि प्रत्येक मीटरला कुणीतरी पाय ओढायला बसलेलं. हा विक्रम बरीच वर्षं कुणाच्या जवळपास आला नाही. मग २०२४ ला बॉइझी स्टेटचा अ‍ॅश्टन जेंटी आला आणि २,६०१ यार्डांवर थांबला. विक्रम २७ यार्डांनी हुकला.

झालं, वाद पेटला. सँडर्सचे लोक म्हणाले, त्याने ते ११ सामन्यांत केलं, जेंटीला १४ मिळाले. आणि मुख्य म्हणजे १९८८ ला हंगामाच्या शेवटचा 'बोल' सामना अधिकृत आकड्यांत धरतच नसत. ते धरायला सुरुवात झाली २००२ पासून. सँडर्स त्या न धरलेल्या सामन्यात २२२ यार्ड पळाला होता. ते मिळवले तर २,८५० होतात, १२ सामन्यांत. जेंटीचे लोक म्हणाले, आजचे बचाव करणारे जास्त ताकदीचे आहेत, त्याचं काय?

मला यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. नियमाने ज्या सामन्याचे आकडे धरायचे नव्हते, त्या सामन्याचाही कागद त्यांनी टाकला नाही. म्हणून ३६ वर्षांनी कुणीतरी तो काढून म्हणू शकलं की बाबांनो, जुन्या माणसावर अन्याय होतोय. नव्वद वर्षांचा म्हातारा आणि अठरा वर्षांचं पोरगं तिथे समोरासमोर बसून भांडू शकतात. आपल्या टपरीवर अण्णांना ते जमलं नाही. त्यात अण्णांची चूक काय?

आता आपल्याकडचं बघा. कबड्डीतला पहिला अर्जुन पुरस्कार १९७२ चा, मुंबईच्या सदानंद शेट्टींना. पुण्याचे शांताराम जाधव अर्जुन पुरस्काराचे मानकरी, शकुंतला खटावकर तशाच. ज्यांनी यांना खेळताना बघितलं ते आजही सांगताना उठून उभे राहतात आणि पाय टाकून दाखवतात. पण "एका हंगामात किती गुण?" असं विचारलं तर सांगणाऱ्याचा अण्णा होतो.

२०१४ नंतरच्या आपल्या पोरांचं मात्र सगळं टिपलेलं आहे. सांगलीकडचा काशिलिंग आडके २०१५ च्या हंगामात चढाईच्या गुणांत सगळ्यांच्या पुढे होता. मुंबईच्या रिशांक देवाडिगाने २०१७ ला एका सामन्यात २८ गुण घेतले. त्याच्याच कर्णधारपदाखाली जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादला महाराष्ट्राने सेनादलाला ३४-२९ असं हरवून ११ वर्षांनी राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या सिद्धार्थ देसाईने पहिल्याच हंगामात २१८ गुण काढले आणि पुढच्या लिलावात १ कोटी ४५ लाख घेतले. हे आकडे कुणी पुसू शकत नाही. पन्नास वर्षांनी त्यांचा नातू ते काढून दाखवेल.

आणि आपल्या जिल्ह्याचा अस्लम इनामदार. पुणेरी पलटणचा कर्णधार. १ मार्च २०२४ ला हैदराबादला हरियाणा स्टीलर्सवर २८-२५ असा विजय मिळवून त्याने पलटणला पहिलं विजेतेपद दिलं. त्याआधी काही महिने तो हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. गंमत बघा: त्या लीगच्या हंगामात चढाईचे गुण दुसऱ्यांचे जास्त होते, दिल्लीच्या आशू मलिकने तर पावणेतीनशे पार केले. तरी हंगामाचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला अस्लम. कारण तो चढाईही करतो, पकडीतही उभा राहतो आणि संघ चालवतो. म्हणजे ज्यांनी सगळे आकडे मोजले, त्यांनीही शेवटी नुसत्या गुणांवर निकाल दिला नाही.

मग माझा कौल कुणाला? विचारणार तुम्ही, म्हणून सांगून टाकतो. एका सामन्यासाठी पवन. अख्ख्या हंगामासाठी प्रदीप. शेवटची दोन मिनिटं, एका गुणाची आघाडी आणि समोर सहा जण, अशा वेळी अनूप. आणि संघ उभा करायचा असेल तर आपला अस्लम. यात जिल्ह्याचा अभिमान मिसळलेला आहे, तो कबूल आहे.

पण ही यादी पुरुषांचीच आहे, आणि ती तशी का झाली ते विचारा. अभिलाषा म्हात्रे २०१४ च्या आशियाई सुवर्णविजेत्या संघात होती, २०१५ चा अर्जुन तिचा. सोनाली शिंगटे २०१८ ला जकार्तात रौप्य जिंकलेल्या संघात. टपरीवर यांचं नाव निघालं का? नाही. लीगच्या धर्तीवर महिलांची स्पर्धा २०१६ ला झाली, तीन संघांची, एक हंगाम. नंतर बंद. म्हणजे मोजायलाच कुणी नाही, तर वादात नाव कुठून येणार? १९२९ ला बंदी मोडून हनुमान जयंतीचा रथ बायकांनी ओढला हे आपण संगमनेरकर दरवर्षी अभिमानाने सांगतो. ती गोष्ट टिकली कारण ती सांगितली गेली, लिहिली गेली, आणि दरवर्षी रथाला पहिला हात बायकांचा लागतो. आपल्या तालुक्यातल्या कबड्डी खेळलेल्या मुलींचं असं कुणी काय जपलंय?

आता मुद्द्यावर येतो. पुणे विद्यापीठ १९४९ चं. तेव्हापासून जिल्ह्यातली कॉलेजं आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा खेळतायत. विभागाची स्पर्धा, मग आंतरविभागीय, त्यातून विद्यापीठाचा संघ, मग पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ. प्रत्येक सामन्याला गुणलेखक असतो. टेबलावर बसून तो प्रत्येक चढाई लिहितो: कोण गेला, किती आणले, बोनस, लोण, पकड. म्हणजे अण्णांच्या त्या गड्याचे गुण कुणीतरी लिहिले होते! मोजणी झाली होती. मोजलेलं ठेवलं नाही, इतकंच.

काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी जुने क्रीडा अहवाल बघायला गेलो होतो. नाव लिहीत नाही, कारण दुसरीकडे वेगळं असेल असं मला वाटत नाही. शिपाईमामांनी खरं ते सांगितलं: रंगकाम निघालं तेव्हा कपाट रिकामं केलं, कागद रद्दीत गेले. ढाली मात्र आहेत. काचेच्या कपाटात, धूळ खात. ढालीवर कॉलेजचं नाव आणि साल. ती कुणी जिंकली, कुणी किती गुण आणले, काही नाही.

हे नुसतं आठवणींचं दुखणं नाही. शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी होते. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं राज्यात उघडकीला आली, तेव्हापासून ती कडक झाली आणि ते बरोबरच आहे. पण खरा खेळलेला पोरगा किंवा पोरगी आपण खेळलो हे दाखवणार कशावरून? स्पर्धेची मूळ गुणपत्रिका आणि संघाची यादी जागेवर असेल तर खोट्याला वाव नाही आणि खऱ्याला हेलपाटे नाहीत. शेतमजुराच्या घरातलं पोर चार वर्षं मॅटवर घाम गाळतं, त्याच्यासाठी तो कागद सातबाऱ्याइतका महत्त्वाचा आहे.

खर्च किती? जवळपास शून्य. सामना संपला की गुणपत्रिकेचा मोबाईलवर फोटो, त्यावर स्पर्धा, तारीख, दोन्ही संघ. वर्षाच्या शेवटी सगळं एका ठिकाणी, एक प्रत कॉलेजच्या ग्रंथालयात. क्रीडा शिक्षकांवर आधीच बरंच ओझं असतं, म्हणून हे काम संघातल्याच एका विद्यार्थ्याला द्यावं. मुलींच्या सामन्यांचंही तेवढ्याच काटेकोरपणे. कॉलेजांच्या विकास समित्यांवर बसलेले अनेक जण ही पोस्ट वाचतात, हे मला माहीत आहे. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. ठराव दोन ओळींचा आहे.

आणि बाकीच्यांनी एक करा. घरातली ट्रंक उघडा. काका, मामा, आत्या, आई, कुणी कॉलेजकडून खेळलं असेल तर जुनं प्रमाणपत्र, संघाचा फोटो, पेपरचं कात्रण निघेल. फोटोच्या मागे नावं लिहून घ्या, तीही आजच, कारण डावीकडून तिसरा कोण हे सांगणारी माणसं दरवर्षी कमी होतायत.

मी परवा वही घेऊन अण्णांकडे जाऊन आलो. त्या गड्याबद्दल विचारलं. दोन तास बोलले. त्याचं पूर्ण नाव मिळालं, गाव मिळालं, उजव्या कोपऱ्यावरून आत शिरायचा आणि डाव्या पायाने मागे लाथ टाकायचा हे मिळालं. आंतरविभागीयच्या एका सामन्यात हरत आलेला डाव त्याने दोन चढायांत फिरवला होता, तो सामना मिळाला. साल नक्की होत नव्हतं. मग अण्णाच म्हणाले, "थांब, त्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न होतं." आतून लग्नपत्रिका शोधून आणली. साल सापडलं.

गुण अजून सापडले नाहीत. त्या सामन्याची गुणपत्रिका कुणाच्या घरी, कुणाच्या फाईलमध्ये असेल तर मला कळवा. टपरीवरच्या त्या दोन पोरांना मी शब्द दिलाय की आकडा घेऊन येतो, मग पुन्हा बसू भांडायला.

#कबड्डी #संगमनेर #जपून_ठेवा